घरातली यंत्रे : वैशाखातला प्रोसेसर

एरवी या सदरात मिक्सर, गीझर, इन्व्हर्टर असल्या गरीब बिचाऱ्या यंत्रांची गाऱ्हाणी मी आपल्यापुढे मांडत असतो. दिवाळी अंकाला मात्र जरा भारी पाहुणा हवा, असे संपादकांचे म्हणणे पडले. आणि नेमके त्याच सुमारास अमरावतीहून एका भगिनींचे पत्र आले. त्या लिहितात, "माझा धाकटा कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करणार म्हणतो. त्याने घराला आग लागते का? आणि लागत नसेल, तर मग त्या यंत्रात पाणी कशाला खेळवतात?"

पत्र एवढेच. पण दोन्ही प्रश्न इतके मुद्द्याचे, की मी भाचेबुवांकडे जाऊन ते वाचूनच दाखवले. भाचेबुवा हसले. त्यांची आई हसली नाही. तिला या प्रश्नांचे उत्तर फार जवळून ठाऊक आहे. ती हकिकत पुढे येईलच.

आधी ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते सांगतो. आपण ज्या पेटीला सरसकट 'सीपीयू' म्हणतो तो निव्वळ डबा. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली दडलेला असतो, चौकोनी बिस्किटाएवढा. तो एका ठोक्याच्या तालावर चालतो. चार गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला चारशे कोटी ठोके. कारखान्याने नेमून दिलेल्यापेक्षा हा ताल जलद करायचा, याचे नाव ओव्हरक्लॉकिंग.

आता कारखानदार स्वतःच तो वेग का देत नाही? कारण त्याला एकाच नावाखाली लाखो नग विकायचे असतात आणि त्यांतला सर्वांत मंद नगही भर उन्हाळ्यात, वर्षानुवर्षे चालेल अशी हमी द्यायची असते. म्हणून तो हात राखून आकडा छापतो. हा राखलेला हात हौशी मंडळींनी फार पूर्वीच ओळखला. १९९८ साली इंटेलचा 'सेलेरॉन ३००ए' नावाचा स्वस्त प्रोसेसर निघाला. त्याची मूळ चाल ६६ मेगाहर्ट्झची, आणि साडेचारने गुणून वेग ३००. लोकांनी मूळ चाल १०० केली, की वेग थेट ४५०! दीडपट काम, आणि तेही फुकटात. त्या वेळी कॉलेजात असलेली पोरे आज पन्नाशीला आली असतील; पण त्या सेलेरॉनचे नाव काढा, चेहरा कसा उजळतो पाहा.

फुकट मात्र काही नसते, आणि या व्यवहाराची किंमत उष्णतेत मोजावी लागते. मी नोकरीची एकतीस वर्षे एका कारखान्याच्या बॉयलरघरात काढली. कॉम्प्युटरातले माझे ज्ञान भाच्याच्या तुलनेत बेताचेच, पण उष्णता या विषयात मी कुणाला हार जाणार नाही. प्रोसेसर जितकी वीज खातो तितकी सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. वेग वाढवला की तो त्या प्रमाणात जास्त वीज खातो, इथपर्यंत ठीक. पण वेग पेलायला व्होल्टेजही चढवावे लागते, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा टक्के वेग आणि दहा टक्के व्होल्टेज वाढवलेत, तर उष्णता दहा टक्के नव्हे, तेहतीस टक्के वाढली. पगार दहा टक्क्यांनी वाढावा आणि घरभाडे तेहतीस टक्क्यांनी, तसा हा प्रकार.

शिवाय ती उष्णता उमटते किती जागेत? घरातली हजार वॉटची इस्त्री पाहा. तिचा तळ सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर; म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे पाच वॉट. प्रोसेसरमधला खरा राबणारा सिलिकॉनचा तुकडा नखाएवढा. त्याच्या वाट्याला इस्त्रीच्या दहापटीहून अधिक येतात! मोठमोठ्या कंपन्यांनाही इथे गुडघे टेकावे लागले. नुसता वेग वाढवत नेण्याच्या शर्यतीत इंटेलने चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ ची घोषणा केली होती. २००४ साली तो बेत सोडून दिला. तेव्हापासून एकच गडी पळवण्याऐवजी एका प्रोसेसरात दोन, चार, आठ, बारा गडी बसवायची रीत पडली.

आता घरची हकिकत. माझी धाकटी बहीण नागपुरात महालात राहते. मेहुण्यांच्या पाठीमागे तिने शिकवण्या घेऊन मुलाला वाढवले. मुलगा इमारतींची चलच्चित्रे करतो. म्हणजे इमारत उभी राहायच्या आधीच तिच्या जिन्यावरून, दिवाणखान्यातून फिरून आल्याचा भास देणारी फिल्म. हे काम करायला दणकट यंत्र लागते. बारा कोअरचा रायझन ५९००एक्स, त्याला साजेसे बाकी सामान, असा तो संच घेण्यासाठी बहिणीने पाटल्या मोडल्या. "दागिना काय, अंगावर नुसता बसून असतो; यंत्र निदान कमावील तरी," असे ती त्या वेळी म्हणाली. ते यंत्र टेबलाखालच्या दाराच्या कप्प्यात, वर क्रोशाचा रुमाल घालून, देवासारखे ठेवले होते.

गेल्या साली मे महिन्यात भाच्याला एक मोठे काम मिळाले. अठराशे चित्रचौकटी, प्रत्येकीला दोन मिनिटे, म्हणजे साठ तास यंत्र अखंड चालायला हवे. सोमवारी सकाळी दहाला माल पोचला तर पैसे, नाहीतर काम दुसऱ्याकडे. भाच्याने वेळ वाचवायला प्रोसेसर ४.२ वरून ४.६ गिगाहर्ट्झवर चढवला, व्होल्टेज १.३५ केले, आणि गुरुवारी रात्री यंत्र सोडून झोपला. सकाळी पाहतो तो अडीचशे चौकटी होऊन यंत्र निपचित. शुक्रवारी सकाळी सातला बहिणीचा फोन. "दादा, मशीन जळलं की काय बघ रे. तो तर तोंड उघडून बोलतसुद्धा नाही."

मी गेलो तो बॉयलरघरातला माझा जुना थर्मामीटर खिशात टाकूनच.

यंत्र जळले नव्हते, आणि अमरावतीच्या भगिनींना इथेच पहिले उत्तर देतो : आजचा प्रोसेसर सहसा असा जळत नाही. २००१ च्या सुमाराचे काही ॲथलॉन प्रोसेसर वरचा उष्णताशोषक काढताच काही क्षणांत धूर सोडत. तसे प्रयोग त्या काळी लोकांनी मुद्दाम करून दाखवले. आता प्रत्येक प्रोसेसरच्या पोटात तापमापक असतात. ५९००एक्सची मर्यादा ९० अंश. तिथे टेकला की तो आपणहून वेग उतरवतो, आणि तरीही भागले नाही तर सरळ बंद होतो. घराला आग लागत नाही. मात्र ज्यासाठी वेग वाढवला ते कामच मंदावते. त्यात आणखी एक मेख अशी, की तापलेल्या सिलिकॉनला तोच वेग पेलायला जास्त व्होल्टेज लागते. थंडीत जे यंत्र ४.६ वर गुण्यागोविंदाने नांदले असते, ते मे महिन्यात त्याच आकड्यावर मूर्च्छा येऊन पडते.

मी कागद घेतला आणि भाच्याला शेजारी बसवले. यंत्र नेहमीच्या चालीवर १४२ वॉट खाते आणि त्यावरचा उष्णताशोषक, स्वच्छ असताना, त्या वॉटांना प्रोसेसर हवेपेक्षा ५० अंश गरम ठेवतो. हा 'हवेपेक्षा' शब्द फार महत्त्वाचा. पंखा असो नाहीतर पाणी असो, तुमच्या खोलीतली हवा ज्या अंशावर आहे त्याच्या खाली प्रोसेसर जाऊच शकत नाही. सगळी मोजणी तिथून वर. भाच्याच्या नव्या चालीत वीज गेली सुमारे १९७ वॉटांवर, म्हणजे हवेपेक्षा ६९ अंश वर. पुण्याच्या २५ अंशांच्या खोलीत हे ९४ झाले असते. आमच्या खोलीत सकाळी सातलाच पारा ३४ होता, दुपारी ३७. आणि कप्प्याचे दार लावून आत थर्मामीटर ठेवला तर तिथे ४६! ४६ अधिक ६९ म्हणजे ११५. मर्यादा ९०. रात्रभर तो बिचारा आपला वेग उतरवत, पुन्हा चढवत, धापा टाकत होता.

"पण मामा, साडेचार तास वाचतात," भाचा म्हणाला. उरलेल्या साडेपंधराशे चौकटींना ४.२ वर जवळजवळ ५२ तास लागणार होते, ४.६ वर ४७.

"आणि मध्यरात्री पुन्हा निजला, नि तू सहाला उठलास, तर?" मी विचारले. "वाचणार साडेचार, आणि एका मूर्च्छेत जाणार सहा."

बहीण दारात उभी होती. ती म्हणाली, "दादा सांगतो तसं कर." भाचा माझ्या सांगण्याने नव्हे, वजाबाकीने वळला, आणि मला तेच बरे वाटते.

मग शुक्रवारचा अख्खा दिवस आम्ही यंत्र उघडण्यात घालवला. त्यात काय काय निघाले, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण उष्णतेचा सगळा मार्ग त्यात दिसतो.

प्रोसेसरच्या माथ्यावर धातूचे झाकण असते आणि त्यावर उष्णताशोषकाचा तांब्याचा तळ टेकतो. दोन्ही पृष्ठे डोळ्यांना आरशासारखी, पण सूक्ष्मात पाहिले तर खाचखळग्यांची, आणि प्रत्येक खळग्यात हवा. तांबे हवेच्या सुमारे पंधरा हजारपट उष्णता वाहते. म्हणजे ही हवेची पुटकुळी उष्णतेच्या वाटेतली भिंतच. ती भरून काढायला मध्ये एक करडे मलम लावतात. ते स्वतः काही तांब्यासारखे वाहक नाही, हवेपेक्षा बरे इतकेच. म्हणून जाड थर दिला की उलट नुकसान. मटारच्या दाण्याएवढे ठेवावे आणि वरून दाबाने पसरू द्यावे. लोक पुरणपोळीवर तूप ओढावे तसे ओततात! आमच्या यंत्रातले मलम वाळून पापडी झाली होती. स्पिरिटने पुसून नवे लावले.

त्यावर तांब्याच्या नळ्या. या भरीव दांड्या आहेत असे पुष्कळांना वाटते, पण त्या पोकळ असतात. आत थोडेसे पाणी असते आणि हवा काढून टाकलेली असते. दाब कमी असल्यामुळे ते पाणी थोड्या उष्णतेतही वाफ होते, वरच्या थंड पात्यांपाशी जाऊन पुन्हा पाणी होते, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून, कंदिलाच्या वातीतून तेल चढावे तसे, परत खाली येते. ना पंप, ना मोटार. १९६३ साली अमेरिकेत लॉस अलामोसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी करून दाखवली. बॉयलर आणि कंडेन्सर दोन्ही बोटभर नळीत! मी ती नळी हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. भाच्याला वाटले, मामा दमले.

नळ्यांच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची चळत. तिच्यात मात्र धुळीचा असा नमदा बसला होता, की त्याची वात वळता आली असती. पेटीला पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आणि मागचा पंखा ती गरम हवा बंद कप्प्याच्या फळीवर फेकत होता, तीच पुढून पुन्हा आत जात होती. ज्याने ते टेबल घडवले त्याने कॉम्प्युटर म्हणजे लोणच्याची बरणी समजली असावी.

पेटी कप्प्यातून काढून उघड्यावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवली : नऊ अंश तिथेच उतरले. धूळ आणि मलम मिळून आणखी आठ. या दोन्हींना खर्च आला तो मलमाच्या नळीचा.

आता खोली. विदर्भात 'कूलर' म्हणजे वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या जाळ्यांचा, पाण्याचा. इथली उन्हाळी हवा इतकी कोरडी, की पाणी झपाट्याने उडते आणि खोली ३० वर येते. हाच कूलर मुंबईत लावाल तर नुसता दमटपणा वाढेल. बहिणीला भीती, ओल्या हवेने यंत्राला पाणी सुटेल. सुटत नाही. दव धरते ते हवेपेक्षा थंड वस्तूवर, आणि चालू यंत्रातली प्रत्येक वस्तू हवेपेक्षा गरम असते. तुषार मात्र थेट पेटीवर येऊ देऊ नयेत. उलट पेटी फ्रीजमध्ये ठेवण्याची कल्पना ज्यांना सुचते, त्यांना हे दव चुकत नाही; आणि घरच्या फ्रीजची घडण भाजी थंड ठेवायला असते, चोवीस तास पेटलेली शेगडी पोटात घ्यायला नव्हे.

शेवटचा उपाय भाच्याचा, आणि तो माझ्या डोक्यात आला नसता. त्याने व्होल्टेज चढवण्याऐवजी उतरवले. कारखानदार वेगात हात राखतो तसाच व्होल्टेजमध्येही राखतो. एकेका कोअरचे व्होल्टेज इंचाइंचाने खाली आणायचे आणि प्रत्येक पायरीला यंत्र कठीण परीक्षेला बसवायचे. ही परीक्षा घेणारा एक प्रसिद्ध प्रोग्राम 'प्राइम९५'. तो मुळात प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला; पण तो प्रोसेसरला असे काही राबवतो, की दुबळे यंत्र काही मिनिटांत गणित चुकते. गणिताच्या संशोधनातून पैलवानांचा आखाडा निघाला म्हणायचा. संध्याकाळी सहापर्यंत आमचे यंत्र ४.२ वरच, पण १४२ ऐवजी ११८ वॉटांत चालू लागले. ११८ वॉटांना हवेपेक्षा ४१–४२ अंश. खोली ३०. प्रोसेसर ७२! पंख्याचा आवाजही इतका उतरला, की बहिणीला ते बंद पडले असे वाटले.

रात्री नऊला काम लावले. हिशेबाने ते रविवार उलटून पाऊण वाजता संपायचे. शनिवारी दुपारी दोन तास वीज गेली. यूपीएसने पंधरा मिनिटे तग धरला, तेवढ्यात भाच्याने यंत्र नीट मिटून घेतले. शेवटची चौकट सोमवारी पहाटे पावणेतीनला उतरली. मी घरी होतो, पण मला झोप कुठली! भाच्याचा निरोप आला : "झालं, मामा. ७३ च्या वर एकदाही गेला नाही." पैसे मिळायला पुढे अडीच महिने लागले, आणि त्यातही काही कापून मिळाले. पाटल्या अजून व्हायच्याच आहेत. सोन्याचा भाव कुठे जाऊन बसला आहे ते आपण सारे पाहतोच.

भाच्याचा ४.६ चा हट्ट मी कायमचा मोडला, असे मात्र समजू नका. पौषात, खोली १८ अंशांवर आली तेव्हा त्याने पुन्हा विचारले, आणि मी हो म्हटले. त्याने ४.५ वर, १.२८ व्होल्टला बेत बसवला. १७३ वॉट, हवेपेक्षा ६१ वर, म्हणजे ७९. सुखाने चालले. होळीला त्याने ते आपणहून उतरवून ठेवले. तापमानाइतकीच मला काळजी व्होल्टेजची असते. जास्त व्होल्टेज आणि उष्णता मिळून आतल्या सूक्ष्म तारांतले अणू हळूहळू जागचे हलवतात, आणि ते दुखणे थंड केल्याने बरे होत नाही. २०२४ साली इंटेलला आपल्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांबाबत मान्य करावे लागले, की ते स्वतःच गरजेहून जास्त व्होल्टेज मागून घेत होते आणि त्याने अस्थिर होत होते. कंपनीने दुरुस्ती दिली, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. पण जे प्रोसेसर आधीच बिघडले होते ते दुरुस्तीने सुधारले नाहीत.

आता भगिनींचा दुसरा प्रश्न, पाण्याचा. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त दूर नेते. प्रोसेसरवरून पाणी खेळवून ते पेटीच्या कडेच्या रेडिएटरमध्ये आणायचे आणि तिथे मोठ्या पंख्यांनी थंड करायचे. मोटारीत असते तेच. जागा मोठी मिळते म्हणून जास्त वॉट पेलतात. पण रेडिएटर शेवटी खोलीतच वारा घेतो, तेव्हा नियम तोच : हवेच्या खाली नाही. त्याखाली जायचे तर विक्रमवीरांचा मार्ग धरावा लागतो. २०२२ च्या अखेरीस अशाच एका पथकाने नऊ गिगाहर्ट्झचा उंबरठा ओलांडला, तो द्रव हेलियम ओतून, म्हणजे शून्याखाली २६९ अंशांच्या थंडीत. तो वेग काही क्षणांपुरता, प्रदर्शनापुरता. त्यावर कुणी इमारतीची फिल्म करत नाही.

आपल्या चिरंजीवांना, बाई, जरूर करू द्या. फक्त खोलीत एक थर्मामीटर टांगा, आणि वेग वाढवायच्या आधी त्याच्याकडून पेटी स्वच्छ करून घ्या. दिवाळीच्या साफसफाईत माळे निघतात, पंखे पुसले जातात, पण या पेटीवर वरून फडके फिरते. तिची वायर आधी काढावी. फुंकणीने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. वाऱ्याने ते भरमसाट गरगरले तर बेअरिंग जाते. पुढची जाळी पाण्याने धुतली तर पुरती सुकल्यावरच बसवावी. ओल्या फडक्याचा मोह टाळावा, आणि हे काम गॅलरीत करावे, नाहीतर घरात दुसऱ्यांदा झाडू मारण्यावरून जे होते ते आमच्या सौ. सविस्तर सांगू शकतील.

आमच्या महालातल्या यंत्राची साफसफाई वसुबारसेच्या आदल्या दिवशी ठरली आहे. भाच्याने मलमाची नवी नळी आणून ठेवली. बहिणीने ती दातांच्या पेस्टशेजारी पाहिली, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे : "कॉम्प्युटरची".